किडनी प्रत्यारोपणानंतर टाक्यांच्या जागी हर्निया का होतो? तो कसा टाळायचा?

पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की त्याचं वजन २० किलोच्या आसपास जातं. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कापूस पिकवणाऱ्यांसाठी हे नेहमीचं काम. पण महिन्याभरापूर्वी किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाला हाच भार महागात पडू शकतो. जखम वरून सुकलेली दिसते, आतला थर मात्र अजून कच्चा असतो.

सेलूच्या रुग्णांना प्रत्यारोपणासाठी सावंगी (मेघे) किंवा नागपूर गाठावं लागतं. सुट्टी झाल्यानंतरची काळजी मात्र घरीच घ्यायची असते.

हा हर्निया म्हणजे काय?

नवी किडनी कमरेच्या जागी नाही, तर ओटीपोटात एका बाजूला बसवतात. त्यासाठी पोटाच्या भिंतीचे थर कापून पुन्हा शिवले जातात. हा सांधा कमकुवत राहिला तर आतडं किंवा चरबी तिथून पुढे सरकते आणि फुगवटा दिसतो. यालाच ‘इन्सिजनल हर्निया’ म्हणतात. किडनी प्रत्यारोपणानंतर हे प्रमाण बहुतेक अभ्यासांत १ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान आढळतं.

धोका कोणाला जास्त?

- लठ्ठपणा, मधुमेह किंवा जास्त वय असलेल्यांना
- विडी, सिगारेट ओढणाऱ्यांना
- जखमेत संसर्ग झालेल्यांना
- त्याच जागी पुन्हा ऑपरेशन झालेल्यांना

यात औषधांचाही भाग आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली स्टिरॉइड्स जखम भरण्याचा वेग कमी करतात. सिरोलिमसमुळेही जखम उशिरा भरते, त्यामुळे डॉक्टर अनेकदा ते सुरुवातीला टाळतात. पण हर्नियाच्या भीतीने कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. त्याने किडनीच गमावण्याची वेळ येऊ शकते.

सर्जन काय करू शकतात?

टाके कसे घातले, यानेही फरक पडतो. नेदरलँड्समधल्या ‘स्टिच’ चाचणीत ५६० रुग्णांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. मोठ्या टाक्यांच्या गटात वर्षभरात २१ टक्के रुग्णांना हर्निया झाला, तर ५ मिलीमीटर अंतरावरच्या लहान टाक्यांच्या गटात १३ टक्के. ही चाचणी पोटाच्या मधोमध घेतलेल्या छेदावर होती. किडनीचा छेद बाजूला असतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

घरी काय पाळायचं?

- वजन: साधारण ६ ते ८ आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त उचलू नका. पाण्याने भरलेला हंडा, कापसाचं गाठोडं, खताची पोती, सगळं यात आलं. पंप पाठीवर घेण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या.
- उठणं: सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा आणि हाताचा आधार घेऊन उठा.
- खोकला: खोकताना, शिंकताना जखमेवर उशी धरा. खोकला लांबला तर दाखवा.
- बद्धकोष्ठता: कुंथल्याने पोटावर ताण येतो. जुलाबाचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- तंबाखू: विडीच नव्हे, खर्राही बंद. निकोटिनमुळे जखमेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी सोडलेलं बरं.
- पट्टा: पोटाला पट्टा बांधल्याने आधार वाटतो, पण त्याने हर्निया टळतोच असं सिद्ध झालेलं नाही. नवी किडनी तिथेच असते, म्हणून विचारल्याशिवाय आवळून बांधू नका.

दवाखान्यात कधी जायचं?

जखम लाल झाली, पू किंवा पाणी येऊ लागलं, ताप आला तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा. उभं राहिल्यावर फुगवटा दिसत असेल आणि आडवं झाल्यावर आत जात असेल, तरी तपासून घ्या. हर्निया आपोआप बरा होत नाही. अनेकदा जाळी बसवण्याचं ऑपरेशन करावं लागतं.

फुगवटा कडक झाला, खूप दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा गॅस जाणं थांबलं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी फुगवटा दाबून आत ढकलू नका, घरच्या घरी वेदनाशामक गोळीही घेऊ नका. अशा अनेक गोळ्या किडनीला अपायकारक असतात. थेट रुग्णालय गाठा आणि प्रत्यारोपण झाल्याचं पहिल्यांदा सांगा.