नोटेतला धागा आणि पोतदाराची नजर

पोतदार हे आडनाव ऐकलं की आज आपल्याला सराफी पेढी आठवते. मुळात पोतदार हा मराठी राजवटीतला अधिकारी. खजिन्यात भरणा होणारं नाणं खरं की खोटं, त्याचा कस किती, हे पाहणं त्याचं काम. त्या काळी एकाच बाजारात चांदवडी, अंकुशी असे वेगवेगळे रुपये चालत. प्रत्येकाचा बट्टा निराळा. पोतदार नाणं वाजवून बघायचा, कसाला लावायचा आणि मगच ते थैलीत जायचं. 'खणखणीत नाणं' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही.

कागदी नोट आली आणि कानाचं काम संपलं. १८६१ च्या कायद्यानं नोटा काढण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारनं आपल्याकडे घेतला. या नोटा बरीच वर्षं विलायतेहून छापून येत. १९२८ पासून त्या आपल्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. चांदीचा रुपया वितळवला तरी चांदी हाती उरे. नोट फाडली तर कागदाचे कपटे उरतात. तिची सगळी किंमत तिच्यावर छापलेल्या वचनात आहे आणि खोटी नोट छापणारा नेमकं ते वचन चोरतो.

ही चोरी युद्धातलं हत्यारही होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं ब्रिटिश नोटांची हुबेहूब नक्कल केली. इकडे जपाननं हिंदुस्थानी नोटांच्या इतक्या सफाईदार नकला काढल्या की रिझर्व्ह बँकेला नोट बदलावी लागली. जलचिन्हात सहाव्या जॉर्ज बादशहाचा चेहरा एका बाजूनं दिसत असे, तो समोरून दिसणारा केला. आणि आपल्या नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा आला. बँक ऑफ इंग्लंडनं हा उपाय १९४० मध्ये केला होता. कागदाचा लगदा ओला असतानाच धागा त्यात सोडतात. म्हणून तो वरून चिकटवलेला नसतो, कागदाच्या पोटात असतो आणि नोट उजेडासमोर धरली की सलग दिसतो.

१९९६ मध्ये महात्मा गांधींचं चित्र असलेली मालिका निघाली. तिच्यातला धागा थोडा कागदाच्या वर, थोडा आत, असा खिडक्या-खिडक्यांतून डोकावू लागला. पण तोवर रंगीत छायाप्रती काढणारी यंत्रं बाजारात आली होती. चकचकीत रेघ मारून धाग्याचा भास करणं अवघड राहिलं नव्हतं. म्हणून २००५ च्या नोटांत १००, ५०० आणि १००० रुपयांसाठी रंग बदलणारा धागा आला. सरळ पाहिला तर हिरवा, नोट कलती केली की निळा. आज चालणाऱ्या १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटांतही तो आहे. त्यावर 'भारत' हा शब्द नागरीत आणि रिझर्व्ह बँकेची इंग्रजी आद्याक्षरं असतात.

यात जादू काही नाही. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडला की त्यावर रंग खेळतात. ते रंग पेट्रोलचे नसतात. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग ठळक होतात, काही पुसले जातात. पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. धाग्यावर असेच सूक्ष्म थर दिलेले असतात. छायाप्रतीचं यंत्र नोटेकडे एकाच कोनातून पाहतं. त्याला हिरवा उतरवता येईल किंवा निळा. हिरव्याचा निळा होणं त्याला उतरवता येत नाही.

ज्या जिल्ह्यात नाशिकचा नोटांचा छापखाना, त्याच जिल्ह्यात येवला आहे, आणि येवल्याची पैठणी धूपछांव रंगासाठी नावाजलेली. तिथे उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. पदर हलला की एक रंग मागे जातो, दुसरा पुढे येतो. दोन्हींमागचं शास्त्र वेगळं आहे, पण पारखण्याची रीत एकच: वस्तू हातात घेऊन हलवून पाहायची.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. हातात घेऊन पाहणार कोण? पूर्वी पोतदार होता. आता ते काम ज्याच्या हातात नोट येते त्याचं. खोटी नोट बँकेत सापडली की तिच्यावर शिक्का बसतो, ती जप्त होते. पावती मिळते, पैसे मिळत नाहीत. म्हणजे नोट दहा हातांतून फिरलेली असली तरी नुकसान शेवटच्या हाताचं. मीरा रोड स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत मेथीच्या जुड्या विकणाऱ्या मावशींचा विचार करा. उजेड कमी, गिऱ्हाइकाला लोकलची घाई. प्रत्येक नोट तिरकी करून बघायला त्यांना सवड कुठली? एक खोटी पाचशेची नोट म्हणजे त्यांची कितीतरी तासांची मेहनत. अंध माणसाला तर हिरवा-निळा हा खेळच बंद. कडेच्या उठावाच्या रेषा आणि रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये आणलेलं 'मनी' हे मोबाइल अ‍ॅप त्याला नोट कितीची ते सांगतात, खरी की खोटी ते सांगत नाहीत.

म्हणून 'आपल्याला कुणीतरी दिली, आपणही पुढे सरकवू' हा विचार मनात येतो तिथेच थांबायला हवं. नोट खोटी आहे हे ठाऊक असताना ती खरी म्हणून देणं हा गंभीर गुन्हा आहे. १८९९ मध्ये यासाठी दंडविधानात कलमं घातली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहेत आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. आपण वाचवलेले पाचशे रुपये कुणाच्या तरी चुलीतून आलेले असतात.

आता भाजीच्या गाडीवरही मोबाइलवरून पैसे येतात. तिथे खोटी नोट नाही, पण पैसे पाठवल्याचं खोटं चित्र दाखवणारे आहेतच. म्हणून विक्रेता गाडीवरच्या डबीतून पैसे जमा झाल्याचा आवाज येईपर्यंत पिशवी हातात देत नाही. पोतदाराचा कान असा परत आला आहे. त्या आवाजासाठी थांबताना आपण चिडू नये. आणि कुणी आपली नोट दिव्याखाली तिरकी करून पाहिली, तर तो आपला अपमान समजू नये. तो त्याचा हक्क आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)