दुखापतीनंतरची जुनाट पाठदुखी : शस्त्रक्रिया करावी की नाही?

दुचाकीवरून पडणे, बांधकामाच्या परांचीवरून कोसळणे किंवा जड ओझे उचलताना कंबरेत कळ भरणे, अशा एखाद्या क्षणापासून पाठदुखी सुरू होते. पहिले काही आठवडे विश्रांती, गोळ्या आणि शेक यांत जातात. बहुतेकांची वेदना हळूहळू ओसरते. काहींची मात्र वर्ष उलटले तरी पाठ सोडत नाही. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. याच सुमारास एमआरआय तपासणीचा अहवाल हातात येतो, त्यात 'गादी सरकली आहे' असा उल्लेख असतो आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी का, हा प्रश्न घरात उभा राहतो.

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. 'मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो' हे एक, आणि 'एकदा ऑपरेशन करून मोकळे व्हावे' हे दुसरे. गेल्या काही दशकांतील संशोधन या दोन्ही मतांना दुजोरा देत नाही. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल की नाही, हे वेदना किती तीव्र आहे किंवा किती जुनी आहे, यापेक्षा ती कोठून उगम पावते यावर अधिक अवलंबून असते.

वेदनेचे दोन प्रकार

कंबरेच्या भागात पाच मणके असून प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचिक गादी असते. गादीचे बाहेरचे कडे फाटून आतील मऊ भाग बाहेर आला आणि त्याचा दाब मज्जातंतूच्या मुळावर पडला, तर नितंबापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत विजेसारखी कळ जाते. त्याबरोबर मुंग्या किंवा बधीरपणाही येतो. ही 'सायटिका' होय. बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये सरकलेली गादी आणि पायातील कळ यांचा संबंध स्पष्टपणे मांडला. तेव्हापासून गादीच्या शस्त्रक्रियेचा सर्वत्र प्रसार झाला.

दुसऱ्या प्रकारात वेदना कंबरेपुरतीच राहते. बसून उठताना, वाकताना किंवा फार वेळ उभे राहिल्यावर ती वाढते. तिचे उगमस्थान स्नायू, सांधे, अस्थिबंध किंवा झिजलेली गादी यांपैकी कोठेही असू शकते आणि अनेकदा ते निश्चित सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचे परिणाम या दोन प्रकारांत अगदी वेगळे आढळतात.

वाट पाहू नये अशी लक्षणे

पाठदुखीतील बहुतेक निर्णय शांतपणे, काही आठवडे विचार करून घेता येतात. पुढील लक्षणे मात्र याला अपवाद आहेत.

- लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधीरपणा येणे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जातंतूंच्या संपूर्ण जुडग्यावर दाब आल्यास उशिरामुळे कायमचे अपंगत्व येऊ शकते.
- पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, चालताना पाऊल लोंबकळणे.
- मोठ्या अपघातानंतर मणका अस्थिर झाला असणे किंवा मोडलेल्या मणक्याचा दाब मज्जारज्जूवर येत असणे.
- वेदनेबरोबर ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. भारतात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. त्यामुळे ही लक्षणे 'जुन्या माराचा त्रास' म्हणून सोडून देता कामा नयेत.

मणका मोडला म्हणजे शस्त्रक्रिया अटळच, असेही नाही. मोडलेला मणका स्थिर असेल आणि मज्जातंतूंना इजा नसेल, तर अनेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. अमेरिकेत ४७ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेचा विशेष दीर्घकालीन लाभ झाल्याचे दिसले नाही.

एमआरआय अहवाल काय सांगतो, काय सांगत नाही

अहवालातील शब्द वाचून रुग्ण घाबरून जातात. परंतु ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या मणक्यांतही हेच बदल दिसतात. वेदना नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. गादीचा फुगवटा विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के लोकांत आढळतो. म्हणजेच अपघातानंतर दिसलेला फुगवटा अपघाताच्या आधीपासूनचा असू शकतो.

अहवाल, लक्षणे आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष केलेली तपासणी या तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तरच त्या जागेवरील शस्त्रक्रियेला अर्थ आहे. डाव्या पायात कळ येत असताना चित्रात उजवीकडील मज्जातंतू दबलेला दिसत असेल, तर ते चित्र दुखण्याचे कारण सांगत नाही.

पायात उतरणाऱ्या कळेसाठी शस्त्रक्रिया

सायटिकाच्या रुग्णांत मज्जातंतूवर आलेला गादीचा तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बऱ्यापैकी गुणकारी ठरते. मात्र तिचा मुख्य लाभ वेदना लवकर शमण्यात आहे. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम वेगाने मिळाला. तथापि वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे आढळले. थांबण्यास सांगितलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्यांना तिची गरज भासली नाही. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते.

पायातील कळ अनेक महिने टिकून राहिली असेल, तर चित्र थोडे बदलते. कॅनडात ४ ते १२ महिने सायटिका असलेल्या १२८ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील पायाची वेदना दहापैकी २.८ इतकी उतरली होती, तर दुसऱ्या गटात ती ५.२ होती. त्यामुळे योग्य उपचार करूनही पायातील कळ चार-सहा महिन्यांत हटत नसेल आणि एमआरआय त्याच मज्जातंतूकडे निर्देश करीत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. अर्थात एका शस्त्रक्रियेने विषय कायमचा संपतोच असे नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात आठ वर्षांच्या काळात सुमारे १५ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

केवळ कंबर दुखत असेल तर

कंबरेपुरत्या मर्यादित वेदनेसाठी बहुधा मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तीत स्क्रू, सळ्या आणि हाडाचे तुकडे वापरून दोन किंवा अधिक मणके एकसंध केले जातात. हलणारा भाग स्थिर केला की दुखणे थांबेल, अशी त्यामागील कल्पना आहे.

स्वीडनमध्ये २९४ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शस्त्रक्रियेला अनुकूल निष्कर्ष निघाला. परंतु तेथे तुलना नेहमीच्या फिजिओथेरपीशी होती. नॉर्वेतील ६४ रुग्णांच्या २००३ च्या अभ्यासात दुसऱ्या गटाला देखरेखीखाली व्यायाम आणि वेदनेची भीती घालवणारे मार्गदर्शन देण्यात आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेल्या २००५ च्या अभ्यासातही सखोल पुनर्वसनापेक्षा शस्त्रक्रिया अधिक लाभदायक असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर सर्वसाधारण कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया संशोधन-चाचणीबाहेर करू नये, असे म्हटले. मणका घसरणे, अस्थिरता, जंतुसंसर्ग किंवा गाठ असलेल्या रुग्णांना हा सल्ला लागू नाही.

केनेडी यांचा अनुभव

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची पाठदुखी या विषयातील एक बोलके उदाहरण आहे. त्यांना तरुणपणापासूनच पाठीचा त्रास होता. ऑगस्ट १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्यांची नौका बुडाली आणि हा त्रास बळावला. १९४४ मध्ये झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियेने आराम पडला नाही. १९५४ मध्ये मणके जोडण्यासाठी धातूची पट्टी बसवण्यात आली. त्यानंतर जंतुसंसर्ग होऊन त्यांच्या जिवावर बेतले. १९५५ मध्ये ती पट्टी काढावी लागली आणि १९५७ मध्ये चौथ्यांदा शस्त्रक्रिया झाली. अखेर १९६१ मध्ये हान्स क्राऊस या डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमित व्यायामाने त्यांना बराच आराम मिळाला.

आजचे तंत्र त्या काळापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. पण वेदनेचे नेमके कारण हाती नसताना केलेली एक शस्त्रक्रिया दुसरीला जन्म देते, हा त्यातील धडा जुना झालेला नाही. भारतीय क्रिकेटपटू जसप्रीत बुमराह मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला पाठीची शस्त्रक्रिया होऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मैदानात परतला, हेही खरे. परंतु तरुण वेगवान गोलंदाजाची दुखापत, त्याची तंदुरुस्ती आणि त्याच्यामागे उभे असलेले तज्ज्ञांचे पथक यांची तुलना ट्रकचालकाच्या किंवा शेतमजुराच्या स्थितीशी होऊ शकत नाही.

इतर उपचार खरोखर झाले का?

'फिजिओथेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही,' असे सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात दहा-पंधरा दिवस शेक, कंबरेला ताण आणि विद्युत उपचार एवढेच घेतलेले असतात. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या सूचनांत ताण, अल्ट्रासाउंड आणि कंबरेचा पट्टा हे तिन्ही उपचार देऊ नयेत, असेच म्हटले आहे. ब्रिटनमधील अभ्यासात बहुतेक केंद्रांवर पुनर्वसनासाठी तीन आठवड्यांत सुमारे ७५ तास दिले गेले होते. इतकी व्यवस्था सर्वांना मिळणे कठीण आहे. तरीही काही महिने टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम, रोजचे चालणे, कामाच्या पद्धतीत बदल, पुरेशी झोप आणि आवश्यक तेथे नैराश्यावर उपचार, एवढे झाल्याशिवाय 'सर्व उपाय थकले' असे म्हणता येत नाही. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याने मात्र नुकसानच होते.

धोके आणि रुग्णाची परिस्थिती

जंतुसंसर्ग, मज्जारज्जूचे आवरण फाटणे, मज्जातंतूला इजा होणे, रक्ताची गुठळी, जोडलेले हाड न जुळणे आणि शेजारच्या मणक्यावर ताण वाढणे, हे या शस्त्रक्रियांतील प्रमुख धोके होत. धूम्रपानाने हाड जुळण्यात अडथळा येतो. अनियंत्रित मधुमेहाने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे तंबाखू सोडणे आणि साखर आटोक्यात आणणे, ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी समजावी.

अपघाताच्या रुग्णांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नुकसानभरपाईचा दावा चालू असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचे परिणाम तुलनेने कमी समाधानकारक येतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. रुग्ण ढोंग करतो, असा याचा अर्थ नव्हे. दाव्याची अनिश्चितता, बुडालेली मजुरी आणि नोकरीची चिंता यांचा भार वेदनेवरही पडतो.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या वेदनेचे नेमके कारण कोणते आणि ते कशावरून ठरवले?
२. शस्त्रक्रियेने पायाची कळ कमी होईल की कंबरेची वेदना?
३. सहा महिने थांबल्यास काय बिघडू शकते?
४. फक्त दाब काढायचा आहे की मणकेही जोडायचे आहेत? जोडण्याची गरज का?
५. माझे पूर्वीचे काम मी पुन्हा करू शकेन का, आणि किती महिन्यांनी?
६. अपेक्षित आराम मिळाला नाही, तर पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरे मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. पर्याय, लाभ आणि धोके समजावून घेतलेली संमतीच खरी संमती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणेही केव्हाही रास्त. ते शक्यतो पहिल्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून किंवा न्यूरोसर्जनकडून घ्यावे. त्यासाठी अहवालाबरोबर एमआरआयची मूळ चित्रेही न्यावीत.

खर्चाचा विचारही आधीच करावा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. शस्त्रक्रियेनंतरची बुडणारी मजुरी, प्रवास आणि अनेक आठवड्यांचा व्यायाम यांची तरतूद मात्र कुटुंबालाच करावी लागते. पुनर्वसनासाठी पैसा आणि वेळ न ठेवता केलेली शस्त्रक्रिया अर्धवट राहते.

थोडक्यात, पायात उतरणारी कळ, तिच्याशी जुळणारे चित्र आणि योग्य उपचारांनंतरही न हटणारा त्रास, या तीन गोष्टी एकत्र असतील तर शस्त्रक्रिया मोठा दिलासा देऊ शकते. केवळ कंबर दुखते आणि कारण अस्पष्ट आहे, अशा वेळी थांबून व्यायामाचा मार्ग नेटाने धरणे अधिक शहाणपणाचे. धोक्याची लक्षणे नसतील, तर थांबण्याने सहसा काही गमावत नाही. शस्त्रक्रिया पुढेही करता येते. झालेली शस्त्रक्रिया मात्र परत फिरवता येत नाही.