श्वसनाची सूत्रे : एका प्रश्नाचा इतिहास

श्वास इच्छेने क्षणभर रोखता येतो. तथापि निद्रेतही तो अखंड चालतो. या दुहेरी स्वरूपामुळे त्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न शरीरक्रियाविज्ञानात दीर्घकाळ वादाचा ठरला.

मानेच्या वरच्या टोकाशी मेरुरज्जू छेदला असता प्राण्याचा श्वास थांबतो, हे दुसऱ्या शतकात गेलेनने नोंदविले होते. फ्रान्समध्ये लगाल्वाने १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशाच्या मेंदूचे भाग पुढून मागे क्रमाक्रमाने काढले. मोठा मेंदू गेल्यावरही श्वसन चालू राहिले. लंबमज्जेतील एका मर्यादित भागापर्यंत छेद पोचताच ते बंद पडले. 'श्वसनकेंद्र' ही कल्पना या निरीक्षणातून रूढ झाली.

परंतु 'केंद्र' म्हणताच एकमुखी सत्तेचा जो बोध होतो, तो येथे भ्रामक होय. १८६८ साली हेरिंग व ब्रॉयर यांनी दाखविले की, फुप्फुसे फुगताच प्राणेशा मज्जातंतूमार्फत संदेश जाऊन अंतःश्वसन आवरले जाते. १९०५ साली हॉल्डेन व प्रीस्टली यांना आढळले की, वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइड अवघा ०.२ ते ०.३ टक्के वाढला, तरी श्वसनाने खेळविल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण दुप्पट होते. प्राणवायू घटल्याची वार्ता मानेतील रोहिणीलगतचे सूक्ष्म पिंड मेंदूस देतात. या पिंडांसंबंधीच्या संशोधनासाठी हायमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रश्नाचे उत्तर केवळ पुस्तकी नव्हते. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत श्वसन बाधित झालेले बहुसंख्य रुग्ण दगावू लागले. विषाणूने मेंदूच ग्रासला, अशी समजूत होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मात्र ओळखले की, स्नायू दुर्बळ झाल्याने फुप्फुसांत पुरेशी हवा खेळत नाही व रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून हाताने हवा देण्यात आली, ती वाचली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून रुग्णांना श्वास पुरविला, आणि मृत्युप्रमाण निम्म्याहून खाली आले.

१९९१ साली स्मिथ, फेल्डमन व सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या लंबमज्जेच्या पातळ कापात श्वसनाची लय निर्माण करणारा पेशीसमूह दाखविला. लगाल्वाचे स्थान अशा रीतीने सार्थ ठरले. पण त्या लयीला वेग व खोली देणारे संदेश फुप्फुसे आणि रक्त यांच्याकडूनच येतात. केंद्र आज्ञा देते हे खरे. परंतु ते प्रथम ऐकते.