विड्याची धुळवड : गाढवावर बसणाऱ्या जावयाची मिरवणूक

केज : धुळवड जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात एका गावाचं नाव हमखास निघतं, ते म्हणजे विडा. या दिवशी गावचा नवा जावई गाढवावर बसतो आणि गावभर त्याची वाजतगाजत मिरवणूक निघते. ही प्रथा ऐंशी-नव्वद वर्षांपासून चालत आल्याचं सांगितलं जातं. दरवर्षी बातम्यांत दोन-चार फोटो झळकतात आणि विषय संपतो. प्रथा नेमकी काय, ती सुरू कशी झाली आणि एवढी वर्षं टिकली कशी, त्याची ही माहिती.

सुरुवात कशी झाली

गावात सांगितली जाणारी हकीकत आनंदराव देशमुख यांच्या नावाशी जोडलेली आहे. देशमुख गावातलं मानाचं माणूस. त्यांचे जावई धुळवडीला सासुरवाडीला आले, पण रंग लावून घ्यायला काही तयार होईनात. मग सासऱ्यांनीच थट्टा केली. गाढव आणवलं, जावईबापूंना त्यावर बसवलं आणि गावातून मिरवलं. तपशील सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो, पण पहिला मान देशमुखांच्याच जावयाचा, यावर सगळ्यांचं एकमत. तो काळ निजामाचा. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झालं आणि बीड जिल्हा भारतात आला. राज्य बदललं, धुळवडीची मिरवणूक मात्र राहिली. कोरोनाच्या काळात खंड पडला, पण नंतर ती पुन्हा सुरू झाली.

जावई कसा ठरतो

मान सगळ्यात नव्या जावयाचा. म्हणजे अलीकडे कुणाच्या लेकीचं लग्न झालं, तो जावई आत्ता कुठं आहे आणि सणाला येणार का, हे आधी शोधावं लागतं. या कामालाच तीन-चार दिवस जातात. गावातली तरुण पोरं मागावर असतात. जावईही काही कच्चे नसतात. धुळवड जवळ आली की कुणी गावाकडं फिरकत नाही, कुणी फोन बंद ठेवतो, कुणी आदल्या रात्रीच निसटायला बघतो. त्यामुळं एकदा जावई हाती लागला की मिरवणूक होईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली जाते. खरी गंमत याच पकडापकडीत आहे. मिरवणूक दोन-तीन तासांची, पण चर्चा आठ दिवस चालते.

मिरवणूक

होळी फाल्गुन पौर्णिमेला पेटते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदेला, सकाळी मिरवणूक निघते. जावयाला रंगवून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात. गावाच्या मध्यभागातून निघालेली मिरवणूक रंग उधळत अकराच्या सुमारास हनुमान मंदिरापाशी येते आणि तिथं संपते. मग जावयाला त्याच्या पसंतीचे कपडे आहेर म्हणून दिले जातात. हा आहेर महत्त्वाचा. तो वगळला तर उरते ती नुसती फजिती.

गाढवच का?

गाढवावर बसवणं ही आपल्याकडं जुनी शिक्षा. गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढत, चपलांचा हारही त्याच शिक्षेतला. दुसरीकडं जावई म्हणजे घरातलं सगळ्यात मानाचं माणूस. दिवाळसण त्याचा, अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण आणि 33 अनारशांचं वाण त्याला. रुसला तर अख्खं घर हातापाया पडतं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते काही उगाच नाही. वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली, त्यालाच एक दिवस अपमानाच्या वाहनावर बसवायचं आणि उतरल्यावर पुन्हा आहेर करून मान द्यायचा, असा हा उलटा-सुलटा खेळ आहे. धुळवडीला अशी मोकळीक पूर्वीपासूनच असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही थट्टा गावातल्या मानाच्या माणसानं स्वतःच्या घरापासून सुरू केली. कुण्या गरिबाच्या, दुबळ्याच्या जावयाला धरून ती सुरू झाली असती तर ती धिंडच ठरली असती. देशमुखांचा जावई बसला, तर मग कुणाचाही बसेल, इतका हा साधा हिशोब आहे. गाढवावर बसण्यात कमीपणा राहिला नाही, तो यामुळंच.

गाढवं कमी झाली

मिरवणुकीचा दुसरा मानकरी म्हणजे गाढव. ते मिळणं आता सोपं नाही. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी अशा समाजांच्या कामात गाढव लागायचं. माती, विटा, वाळू वाहायला ट्रॅक्टर आणि टेम्पो आले, तशी ही जनावरं घटत गेली. 2019 च्या पशुगणनेत देशभरात जेमतेम 1 लाख 20 हजार गाढवं नोंदली गेली. 2012 च्या तुलनेत ही घट 61 टक्क्यांहून जास्त आहे. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या सुमारास आणि पाथर्डी तालुक्यातल्या मढीला रंगपंचमीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. पण गावोगावच्या वेशीबाहेर दिसणारं गाढव आता दिसेनासं झालंय.

गाढव मिळालं तरी त्याचे हाल होणार नाहीत हे बघावं लागतं. रासायनिक रंग त्याच्या डोळ्यांत, नाकात जातात, कर्कश आवाजानं ते बिथरतं. जनावराला क्रूरपणे वागवणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. एकच माणूस बसवणं, रंग कोरडा आणि साधा वापरणं, मालकाला सोबत चालायला लावणं, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

काय सांभाळायचं

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. पूर्वी गावातली थट्टा गावातच विरायची, आता तिचा व्हिडिओ जावयाच्या कामाच्या ठिकाणी पोचतो. म्हणून जावयाचं मन पाहणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. लटका विरोध आणि खरा नकार यातला फरक सासुरवाडीच्या माणसांना बरोबर कळतो. नकार खरा असेल तर ओढाताण न करता पुढच्या जावयाकडं वळलेलं बरं. मंदिरापाशी उतरून नवे कपडे घेताना जावईही हसला पाहिजे. तो हसला तर ती मिरवणूक, नाहीतर धिंड.