वेळासचीं कासवें

इतिहासाच्या पुस्तकांत वेळास गांवाचें नांव येतें तें नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव म्हणून. सावित्री नदी समुद्रास मिळते तेथें, बाणकोटच्या किल्ल्यापासून जवळच हें खेडें आहे. पेशवाई शिकवितांना आम्हीहि त्याचा उल्लेख असाच ओझरता करीत आलों. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत या गांवाच्या नांवावर दुसरा एक इतिहास जमा झाला आहे, आणि तो कोणा मुत्सद्द्याचा नसून कासवांचा आहे.

ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची मादी हिवाळ्यांत रात्रीं वाळूवर चढते, हातभर खोल खड्डा उकरते, त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते आणि वाळू लोटून समुद्रांत परत जाते. पिलांचें तोंड ती कधीं पाहत नाहीं. मागें राहिलेल्या अंड्यांना कोल्हे, कुत्रे व खेकडे यांचें भय असतें. पण सर्वांत मोठें भय माणसाचें. हीं अंडीं काढून खाण्याची व विकण्याची वहिवाट कोंकणांत जुनी होती. देवळांत कासवास हात लावून पुढें जाणारा समाज समुद्रकांठीं त्याचीं अंडीं टोपलींत भरीत असे, आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पुढें या प्राण्यास पहिल्या अनुसूचींत घेतलें. परंतु प्रत्येक किनाऱ्यावर रात्रभर शिपाई उभा करणें कोणत्याहि सरकारास शक्य नव्हतें.

२००२ सालीं समुद्रगरुडांची पाहणी करीत असतां चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांस वेळासच्या वाळूंत कासवाच्या अंड्यांचीं टरफलें आढळलीं. त्यांनीं गांवकऱ्यांस दूर न सारतां त्यांच्यांतूनच राखणदार उभे केले. पहांटे किनारा धुंडाळावा, वाळूवरील खुणांवरून घरटें ओळखावें, अंडीं अलगद काढून कुंपणाच्या आंत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यांत पुरावीं, पन्नासेक दिवस पहारा द्यावा आणि पिलें वर आलीं म्हणजे मोजून समुद्राकडे सोडावीं, असा हा उद्योग. वनखात्यानेंहि पुढें त्यास हात दिला. २००६ पासून कासव महोत्सव भरूं लागला; पाहुणे गांवांतील घरांत उतरूं लागले. काढलेल्या अंड्याचा पैसा एकदांच मिळतो, राखलेल्या घरट्याचा दरवर्षीं मिळूं शकतो, हें गांवास उमगलें.

पण पिलें समुद्रांत गेलीं म्हणजे कासव वांचलें, असें म्हणतां येईल काय? याचें उत्तर मेक्सिकोच्या इतिहासांत आहे. तेथील रान्चो नुएवोच्या किनाऱ्यावर १९४७ सालीं आंद्रेस एरेरा या गृहस्थानें एक चित्रपट घेतला. त्यावरून त्या एका दिवशीं केम्प्स रिडले जातीच्या सुमारें ४०,००० माद्या वाळूवर आल्या असाव्या, असा अंदाज पुढें करण्यांत आला. १९६६ पासून मेक्सिको सरकारनें तेथें पहारा बसविला. १९७८ पासून अमेरिकेची जोड मिळाली. कांहीं अंडीं टेक्ससच्या पाद्रे बेटावर नेऊन पिलें कांहीं महिने हौदांत वाढविण्यांत आलीं. तरीहि १९८५ सालीं अवघीं ७०२ घरटीं उरलीं. किनारा राखला होता, पण वयांत आलेलीं कासवें समुद्रांत कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरून मरत होतीं. जाळ्यांतून कासवास वाट देणारी चौकट अमेरिकेंत सक्तीची होऊं लागली तेव्हां, किनाऱ्यावरील राखणीच्या जोडीनें, आंकडा चढूं लागला आणि २००९ पर्यंत वीस हजारांपलीकडे गेला. पुढील वर्षीं तो चढ एकाएकीं मोडला, हेंहि सांगितलें पाहिजे.

यावरून उबवणकेंद्रें निरर्थक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. तीं नसतीं तर घरटें कोठें होतें हेंहि कळलें नसतें. परंतु सोडलेल्या पिलांची संख्या हा जमेचा एक रकाना आहे. खर्चाचा रकाना समुद्रांत लिहिला जातो. शिवाय वाळूच्या उष्णतेवर पिलूं नर कीं मादी हें ठरतें. वाळू फार तापली तर मादीच अधिक निपजतात. तेव्हां वाढत्या उन्हाळ्यांत केंद्रचालकांस सावलीचाहि विचार करावा लागतो. भारतांत जाळ्यांना ती चौकट नाहीं या कारणावरून अमेरिकेनें २०१९ सालीं आमच्या समुद्रांतील कोळंबीची आयात रोखली, तेव्हां हा प्रश्न कोळ्याच्या चुलीपर्यंत पोंचला. त्या चुलीचा विचार न करतां केलेला नियम टिकणार नाहीं, हा धडा वेळासनेंच शिकविला आहे.

ओडिशांतील गहिरमाथा येथें २०२१ सालीं जिच्या अंगावर क्रमांकाचा बिल्ला लावला होता, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारींत आमच्या गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना आढळली. पूर्वकिनाऱ्याच्या राखणदारांनीं सांभाळलेलें धन असें पश्चिमकिनाऱ्यावर आलें. येथून पुढें तें कोठें जाईल, आणि वाटेंत कोणाचें जाळें पसरलेलें असेल, याची चिंता आतां गुहागरास आणि वेळासलाहि वाहिली पाहिजे.