परभणीचा शेतसारा, 'हैदराबाद' स्क्वॉड्रन आणि न परतलेला वैमानिक

१/ ४ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून जेमतेम एक दिवस लोटला होता. इंग्लंडमधील वॉटिशॅम तळावरून दहा ब्लेनहाइम बॉम्बर विमाने उत्तर समुद्राकडे झेपावली. त्यांपैकी पाच विमानांच्या स्क्वॉड्रनच्या नावात एक शब्द मराठवाड्याच्या चांगल्या ओळखीचा होता : हैदराबाद.

२/ ही रॉयल एअर फोर्सची ११० क्रमांकाची स्क्वॉड्रन. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड हा सारा मुलूख त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा प्रश्न असा : गोदाकाठच्या रयतेचा आणि सफोक परगण्यातील या बॉम्बर विमानांचा संबंध तो काय?

३/ उत्तर १९१८ सालात आहे. पहिल्या महायुद्धात सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने या स्क्वॉड्रनला डीएच-९ए जातीची बॉम्बर विमाने भेट दिली. प्रत्येक विमानावर निजामाच्या देणगीचा उल्लेख रंगविलेला असे. पुढे स्क्वॉड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळाले आणि निजामाच्या राजचिन्हातला वाघ तिच्या बोधचिन्हावर आला.

४/ त्यांतील एक विमान, एफ-१०१०, आजही पाहता येते. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते जर्मनांच्या हाती पडले व त्याचे दोन्ही वैमानिक युद्धकैदी झाले. विमान आधी बर्लिनच्या संग्रहालयात व नंतर पोलंडमध्ये गेले. १९७७ साली एका स्पिटफायरच्या बदल्यात ते ब्रिटनला परत मिळाले. आता ते लंडनच्या आरएएफ संग्रहालयात आहे.

५/ निजामाच्या औदार्याची नोंद विमानावर झाली. पैसा आला कोठून, याची नाही. तो सरकारी खजिन्यातला असो वा 'सर्फ-ए-खास' या खासगी जहागिरीतला, संस्थानाच्या संपत्तीचा मोठा आधार शेतसारा हाच होता. तो भरणाऱ्यांत परभणीचा ज्वारी-कापूस पिकविणारा शेतकरीही होता. त्याचे मत कोणी विचारले नव्हते.

६/ आता पुन्हा १९३९ कडे. लक्ष्य होते विल्हेल्म्सहाफेनजवळील जर्मन युद्धनौका. ढग खाली उतरलेले, म्हणून विमाने अगदी कमी उंचीवरून शिरली. 'अॅडमिरल शेर' या नौकेवर काही बॉम्ब आदळले, पण फुटलेच नाहीत. वॉटिशॅमहून निघालेल्या दहांपैकी पाच विमाने परतली नाहीत. त्यांत 'हैदराबाद' स्क्वॉड्रनचे एक होते.

७/ त्याचा वैमानिक होता फ्लाइंग ऑफिसर हेन्री लोव्हेल एम्डेन. सोबत ग्रॉसी, ऑटी आणि इव्हान्स हे सहकारी. चौघेही मृत्युमुखी पडले. हे विमान ज्या जर्मन क्रूझरवर कोसळले असे इतिहासग्रंथांत सांगितले जाते, तिचे नाव होते 'एम्डेन'! मारणारा आणि मरणारा यांचे आडनाव व नाव एकच. तिच्यावरील काही खलाशीही दगावले.

८/ 'एम्डेन' हे नाव भारताला नवे नव्हते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री याच नावाच्या आधीच्या क्रूझरने मद्रास बंदरावर तोफा डागल्या होत्या. ती नौका त्याच वर्षी नष्ट झाली. १९३९ मधील नौका तिचे नाव पुढे चालविणारी.

९/ स्क्वॉड्रन मात्र टिकली. १९४२ मध्ये ती भारतात आली आणि व्हेंजन्स, पुढे मॉस्किटो विमानांनिशी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली. आरएएफच्या महायुद्धातील पहिल्या बॉम्बहल्ल्यात असलेली ही स्क्वॉड्रन ऑगस्ट १९४५ मधील अगदी अखेरच्या हल्ल्यांतही होती.

१०/ एम्डेन आणि त्याचे सहकारी युद्ध सुरू होताच संपले. ज्या प्रदेशाचे नाव त्यांच्या स्क्वॉड्रनला होते तेथून ते हजारो मैल दूर मेले. इकडे ज्यांच्या घामातून ते नाव विकत घेतले गेले, त्यांना या चौघांची वार्ताही नव्हती. दोन्ही बाजूंच्या सामान्यांना एकमेकांशी जोडणारा दुवा एका राजाची देणगी, एवढाच.

११/ त्या चौघांची नावे युद्धस्मृतींच्या नोंदींत जपली गेली, हे योग्यच झाले. सारा भरणाऱ्यांची नावे गावोगावच्या जुन्या मोडी-उर्दू दप्तरांत कसरीच्या वाट्याला जात आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणांनो, या इतिहासाचे उरलेले अर्धे पान तुमच्या वाचण्याची वाट पाहत आहे.