गॅस गिझर आणि बंद बाथरूम: हवा खेळती नसेल तर नेमकं काय होतं?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या अनेक घरांत आंघोळीचं पाणी गॅस गिझरवर तापतं. कुठे महानगर गॅसची पाइपलाइन आहे, कुठे सिलिंडर. पाणी झटपट तापतं आणि वीजबिलही वाचतं. पण ज्योत पेटती राहायला हवा लागते, आणि बाथरूम ही घरातली सर्वांत लहान, सर्वांत बंदिस्त खोली असते.

किती हवा लागते?

पाइपलाइनचा 1 घनमीटर गॅस नीट जळायला सुमारे 10 घनमीटर हवा लागते. नेहमीचा 6 लिटरचा गिझर तासाला साधारण 1 घनमीटर गॅस जाळतो. म्हणजे 15 मिनिटांच्या आंघोळीत अडीच घनमीटर हवा. 4 बाय 5 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेचार घनमीटर असते. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

धोका कळत का नाही?

गॅसगळती वासावरून कळते, कारण गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. दाराची कडी काढण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हवेची वाट कुठे अडते?

पावसाची झड आत येते म्हणून खिडकीला लावलेलं प्लास्टिक, डक्टमधली कबुतरांची घरटी, धूळ साचलेली जाळी. हवा आत यायला वाटच नसेल, तर एक्झॉस्ट फॅन गिझरचा धूर उलट खोलीत ओढू शकतो.

काय करावं?

• गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा. धूर नळीने थेट इमारतीबाहेर जावा.
• हवा आत येण्यासाठी खाली आणि बाहेर जाण्यासाठी वर, अशा कायम उघड्या जागा ठेवाव्यात.
• गिझर आतच असेल तर आधी दार उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, मग आंघोळ करावी.
• ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिकला बोलवावं.

कुणी बेशुद्ध पडलं तर?

दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावं आणि 108 वर फोन करावा. गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा नॉर्मल दाखवू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबून घरी थांबू नये.